गुरू एवढुसाच का दिसतो? गच्चीवरच्या टेलिस्कोपवाल्यांचे प्रश्न

यंदा दिवाळीत आणि नाताळात बऱ्याच घरांत टेलिस्कोप आलेले दिसतात, कारण जानेवारीच्या अंकात "पहिल्यांदा ग्रह बघताना कुठे अडलं ते कळवा" असं दोन ओळींत छापलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळी छापणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. उत्तरं फेब्रुवारी २०२६ चं आकाश धरून आहेत, हा अंक रद्दीत सापडून दोन वर्षांनी वाचणाऱ्यांनी ग्रह कुठे आहेत ते नव्याने बघून घ्यावं.

प्रश्न: मुलाच्या वाढदिवसाला ७० एमएमचा टेलिस्कोप ऑनलाइन मागवला. बॉक्सवर गुरूचा मोठ्ठा रंगीत फोटो, पट्टे काय, लाल डाग काय. गच्चीवर नेऊन बघितलं तर एवढुसा पांढरा गोळा आणि बाजूला तीन-चार टिंबं. मुलगा पाच मिनिटांत खाली निघून गेला. आम्ही फसलो का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर: नाही हो ताई, फसला नाहीत. दिसला तो खराच गुरू, आणि ती टिंबं म्हणजे त्याचे चंद्र. थाप मारलीये ती बॉक्सवरच्या फोटोने. तसे फोटो बहुतेक वेळा अवकाशयानांनी नाहीतर हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेले असतात, त्या डब्यातल्या वस्तूचा त्यांच्याशी काडीचा संबंध नसतो आणि हे बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नसतं.

आता साइजचं बघू. गुरूची तबकडी सध्या आकाशात साधारण ४५ आर्कसेकंदांची (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) आहे, चंद्राची साधारण १८०० ची. म्हणजे ४० पट मोठा करून बघितला की गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण गणित तेच सांगतं. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, सगळा काळोख, शेजारी झाड नाही, बिल्डिंग नाही, मग कशाच्या तुलनेत मोठं म्हणायचं ते मेंदूला कळत नाही आणि तो 'बारीक आहे' म्हणून मोकळा होतो. महिनाअखेरीला चंद्र गुरूच्या जवळ येईल तेव्हा आधी नुसत्या डोळ्यांनी चंद्र बघा आणि लगेच आयपीसमधून गुरू, पटेल.

तुमच्या टेलिस्कोपची फोकल लेंग्थ (पुढच्या भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) नळीवर लिहिलेली असेल, बहुधा ७०० एमएम. तिला आयपीसच्या आकड्याने भागायचं. २५ एमएमचा आयपीस लावला तर २८ पट, १० एमएमचा लावला तर ७० पट. नेहमी २५ ने शोधायचं, मधोमध आणायचं, मग हात न हलवता १० चा लावायचा आणि फोकस परत करायचा. पुष्कळ लोक सुरुवातीलाच १० एमएम लावून आकाशभर गुरू शोधत बसतात आणि अर्ध्या तासाने मान धरून खाली येतात. आणि त्याच्याही आधी एक काम आहे ते दिवसा करायचं: लांबची पाण्याची टाकी नाहीतर मोबाईल टॉवर मोठ्या नळीत मधोमध आणा आणि फाइंडरचे, म्हणजे नळीवरच्या छोट्या दुर्बिणीचे, स्क्रू फिरवून तोच टॉवर फाइंडरच्याही मधोमध आणा. हे न करता रात्री गच्चीवर गेलेल्यांची निम्मी पत्रं आहेत इथे.

आता ते "पांढरा गोळा" प्रकरण. पट्टे आहेत, पण गुरू इतका झगझगीत आहे की काळ्या आकाशात डोळा दिपतो आणि पट्टे धुऊन जातात. म्हणून अंधार पडायची वाटच बघू नका. सात-सव्वासातला, आकाश अजून निळसर असताना, गुरू पूर्वेला चांगला पन्नासेक अंश वर आलेला असतो, तेव्हा लावा. चकाकी कमी असते आणि मधून जाणारे दोन करडे-तपकिरी पट्टे आधी एक, मग दुसरा असे उमटतात. एकदम नाही दिसणार. पाच मिनिटं डोळा न काढता बघत राहायचं, हवा मध्येच क्षणभर स्थिर होते आणि तेवढ्यात चित्र साफ होतं, पुन्हा विरघळतं, पुन्हा साफ होतं. बघायचं असतं ते त्या क्षणांत. नीट बघितलंत तर गुरू पूर्ण गोलही नाही, किंचित दबलेला आहे हेही कळेल, कारण एवढा प्रचंड ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि मध्यावर फुगतो. लाल डागाची मात्र ७० एमएममध्ये आशा धरू नका.

रात्री नऊच्या पुढे गुरू जवळजवळ डोक्यावर येतो. हवेच्या दृष्टीने उत्तम, पण ट्रायपॉडवरच्या लांब नळीला डोक्यावर बघणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा, त्यामुळे तुमच्या सोयीसाठीसुद्धा लवकरची वेळच बरी. आणि मुलाला एक वही द्या, त्यात रोज एकाच वेळी मधे गोल आणि बाजूची टिंबं जिथे असतील तिथे काढायची. चार दिवसांत टिंबांच्या जागा बदललेल्या दिसतील. तेवढ्यानंतरही खाली गेला तर जाऊ दे, तुम्ही बघा.

प्रश्न: माझ्या टेलिस्कोपवर ५२५ एक्स लिहिलंय पण ४ एमएमचा आयपीस आणि ३ एक्स बार्लो (चित्र तिप्पट करणारं जोडभिंग) लावला की सगळं धूसर, नुसता थरथरणारा ढग. पीस खराब आहे का? (जळगाव)

उत्तर: पीस ठीक आहे, आकडा बिनकामाचा आहे. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५, एवढंच ते गणित. ते चुकीचं नाही पण त्याने दिसत काही नाही. साधा हिशोब असा धरतात की पुढच्या भिंगाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त दुप्पट, म्हणजे ७० एमएमला १४० पट, आणि तेही हवा अगदी शांत असेल तर. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि अंधुक होतं, नवीन काही दिसत नाही. तो बार्लो आणि ४ एमएमचा आयपीस डब्यात ठेवून द्या. दुकानात जो मोठा आकडा सांगून विकतो त्याच्याकडून टेलिस्कोप घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आकडा विचारायचाच तर अ‍ॅपर्चर (पुढच्या भिंगाची किंवा आरशाची रुंदी) किती तो विचारावा.

त्याच डब्यात 'सन' लिहिलेला आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर असेल तर तो मात्र ठेवू नका, तोडून फेकून द्या. सगळ्या भिंगाची उष्णता त्याच ठिकाणी एकवटते, फिल्टर तडकतो आणि डोळा जातो. ही गोष्ट मुलं गच्चीवर एकटी जातात त्या घरांना तर दहादा सांगावीशी वाटते.

प्रश्न: मी सातवीत आहे. पुस्तकात गुरूचे चार मोठे चंद्र आहेत, मला तीनच दिसले. चौथा कुठे गेला? (सातारा)

उत्तर: शाब्बास, मोजलेस म्हणजे नीट बघितलंस! गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० ला पहिल्यांदा तीनच दिसले होते, चौथा त्याला १३ तारखेला सापडला, तेव्हा तुझी सुरुवात त्याच्यासारखीच झाली. चौथा एकतर गुरूच्या मागे गेलेला असतो, नाहीतर बरोबर पुढे असतो आणि गुरूच्या उजेडात हरवतो, किंवा गुरूच्या सावलीत शिरलेला असतो, म्हणजे तिथे त्याला ग्रहण लागलेलं असतं. कधी कधी दोन चंद्र इतके जवळ येतात की एकच वाटतो. आयो सगळ्यात घाईतला, ४२ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे तो सारखा गायब होतो. युरोपाला साडेतीन दिवस लागतात, गॅनिमिडला सात, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा. कॅलिस्टो कधी कधी इतका लांब असतो की तो चंद्र नसून मागचा एखादा तारा असावा असं वाटतं, तुझा चौथा तसाही सुटला असेल.

या लपाछपीतून एक मोठी गोष्ट सापडली आहे. आयो गुरूच्या सावलीत कधी शिरणार आणि कधी बाहेर येणार याची वेळापत्रकं पॅरिसमध्ये करत होते, आणि ओले रोमर नावाच्या माणसाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब असली की आयोला उशीर होतो आणि जवळ असली की तो लवकर येतो. त्याने १६७६ मध्ये सांगितलं की आयोचं काही चुकत नाही, उजेडालाच इथपर्यंत यायला वेळ लागतो. तुझ्या वहीत वेळ लिहीत जा, मिनिटासकट.

प्रश्न: खास शनीची कडी बघायला १३० एमएमचा रिफ्लेक्टर (आरशाचा टेलिस्कोप) घेतला आणि कडी नाहीतच! ग्रहातून आरपार गेलेली एक रेघ दिसते. मिरर हलला असेल का? (सांगली)

उत्तर: मिरर बरोबर आहे, तुमचं टायमिंग तेवढं वाईट. शनीचा अक्ष सुमारे २७ अंश कललेला आहे आणि त्याला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे साधारण दर पंधरा वर्षांनी ती कडी आपल्याला बरोबर कडेने दिसतात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं, आणि त्यानंतर पूर्ण वर्षभर ती अगदीच बारीक राहिली आहेत. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटर ते काही दहा मीटर, अशी वस्तू सव्वाशे कोटी किलोमीटरच्याही पलीकडून कडेने बघितली तर रेघसुद्धा दिसते हेच नवल.

गॅलिलिओचीही इथे पंचाईत झाली होती. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे चिकटलेत असं वाटलं, आणि १६१२ मध्ये बघतो तर दोन्ही गायब. त्याला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६५९ मध्ये छापून सांगितलं की शनीभोवती एक पातळ, कुठेही न टेकलेलं कडं आहे, तेव्हा कोडं सुटलं. तुम्ही पंधरा वर्षांत एकदा येणारं ते कोडं बघितलंत, ज्यांनी २०१८ मध्ये ऐटबाज कडी बघितली त्यांना हे बघायला थांबावं लागलं.

आता तर शनी पश्चिमेला फार खाली गेलाय, मार्चअखेर सूर्याच्या मागे असेल, सोडून द्या. ऑक्टोबर २०२६ च्या सुरुवातीला तो रात्रभर आकाशात असेल, पाऊसही ओसरत आलेला असेल आणि कडी थोडी उघडलेली असतील. पुढे दरवर्षी जास्त, २०३२ च्या सुमाराला पूर्ण. तेव्हा १३० एमएममध्ये शंभर-सव्वाशे पटीला कड्यांमधली ती काळी फट, कॅसिनीने १६७५ मध्ये सांगितलेली, तीही दिसावी. तोपर्यंत शनीच्या आजूबाजूला एक फिकट टिंब शोधा, तो टायटन, १६ दिवसांत एक फेरी.

प्रश्न: सासूबाई म्हणतात शनीकडे असं टक लावून बघू नये, त्यातून आमच्या ह्यांना साडेसाती चालू. मी काय सांगू? (नागपूर)

उत्तर: सासूबाईंना आधी गुरू दाखवा, त्याला त्यांची हरकत नसणार, शनीचं पुढचं पुढे. आणि माझं ऐकाल तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांचं पंचांग मागून घ्या, गच्चीवर त्याच्याइतकी कामाची वस्तू नाही. हसू नका, खरंच सांगतोय. फलज्योतिष मला पटत नाही हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे, पण पंचांगात ग्रहांची जी स्थिती दिलेली असते ते शुद्ध गणित आहे आणि आपली निरयन (ताऱ्यांना धरून मोजलेली) राशी आकाशातल्या तारकासमूहाशी बऱ्यापैकी जुळते. सध्या गुरू मिथुनेत, पुनर्वसूत असं लिहिलेलं आढळेल. वर बघा, पुनर्वसूच्या त्या दोन ताऱ्यांजवळच तो बसलाय.

दुसरं म्हणजे 'अस्त'. गुरू-शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण अस्त म्हणजे तो ग्रह सूर्याच्या इतका जवळ आहे की दिसतच नाही. म्हणजे मुहूर्त नाही तेव्हा टेलिस्कोपही नाही. आणि सगळ्यात मजेची गोष्ट 'वक्री'. शनी वक्री, मंगळ वक्री म्हटलं की घरात चेहरे पडतात, पण बाहेरचे ग्रह वक्री होतात ते पृथ्वी त्यांना आतल्या बाजूने ओव्हरटेक करते तेव्हा, आणि तेव्हाच ते आपल्याला सगळ्यात जवळ, सगळ्यात मोठे आणि रात्रभर दिसणारे असतात. गुरू नोव्हेंबरपासून वक्री आहे, ११ मार्चपर्यंत राहील, आणि १० जानेवारीला तो बरोबर सूर्यासमोर होता. त्यामुळे आम्हा टेलिस्कोपवाल्यांना ग्रह वक्री होण्याची वाट बघावी लागते, हे सासूबाईंना सांगून बघा, काय म्हणतात ते मलाही कळवा.

प्रश्न: फोकस कितीही फिरवला तरी गुरूच्या कडा उकळल्यासारख्या हलतात. आमच्याकडे पाऊस संपला की आकाश एकदम स्वच्छ असतं तरीही. (म्हापसा, गोवा)

उत्तर: स्वच्छ आकाश आणि स्थिर हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो, त्यावरची हवा तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखी थरथरते, आणि तुम्ही त्यातूनच बघता. अंगण असेल, गवत किंवा माती असेल तर तिथे लावा. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून बघू नका, एसीच्या बाहेरच्या युनिटवरून तर अजिबात नको, आणि खिडकीच्या काचेतून बघणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. टेलिस्कोप बघण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायचा, एसीच्या खोलीतून काढून लगेच लावला तर नळीतलीच हवा नाचत राहते.

ओळखायचं कसं, तर तारे बघा. डोक्यावरचेसुद्धा जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री कमी पटीवर समाधान मानायचं. उलट एखाद्या रात्री आकाश थोडं दुधट, वारा पडलेला आणि तारे शांत असतात. आकाशगंगा बघणारे अशा रात्री वैतागून झोपतात, पण ग्रहांना ती रात्र झकास असते. ग्रहांना शहरातल्या दिव्यांचाही फारसा त्रास होत नाही, दादरच्या गच्चीवरून गुरू जवळजवळ तेवढाच चांगला दिसतो जेवढा माळशेजवरून, त्यामुळे "गावाला गेल्यावर बघू" म्हणून टेलिस्कोप माळ्यावर टाकू नका.

गोव्यातल्या आणि कोकणातल्यांनी मात्र जूनच्या आधी एक करा: आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवरचं कोटिंग खाते, मग कितीही पुसा.

प्रश्न: पहिलाच टेलिस्कोप घ्यायचाय. इक्वेटोरियल माउंटवाला (तारे फिरतात तसा फिरणाऱ्या स्टँडचा) घेऊ की डॉबसोनियन (साध्या पेटीवर हाताने फिरवायचा)? यूट्यूब बघून डोकं फिरलंय. (पुणे)

उत्तर: आधी यूट्यूब बंद. मग दुसऱ्याच्या टेलिस्कोपमधून बघा. पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सगळ्यात जुनी संस्था. मुंबईकडच्यांना खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाशमित्र मंडळ, गोव्यात पणजीला वेधशाळा आहे. त्यांच्या कार्यक्रमाला जायचं, रांगेत उभं राहायचं, सहा इंची आणि तीन इंचीमधला फरक स्वतः बघायचा. एका रात्रीत जे कळतं ते महिनाभर रिव्ह्यू वाचून कळत नाही.

तरी मत विचारलंत म्हणून: नवख्या माणसाने सहा इंची डॉबसोनियन घ्यावा. जमिनीवर ठेवायचा, ढकलायचा, बघायचं. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ग्रह दाखवायचे, त्यांनी रुळवलेला हा प्रकार, त्यामुळे त्यात नखरे नाहीत. स्वस्तातला इक्वेटोरियल माउंट दिसायला भारी, पण तो डुगडुगतो, ध्रुवाकडे लावावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव अठरा-एकोणीस अंशांवर, म्हणजे नेमका शेजारच्या बिल्डिंगमागे. डॉबला ग्रह हाताने ढकलत धरावा लागतो हे खरं, शंभर पटीला दोनेक मिनिटांत तो फील्डबाहेर, म्हणजे दिसणाऱ्या गोलाबाहेर, जातो, पण दोन दिवसांत हात बसतो. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहत असाल तर मात्र वजन विचारून मग घ्या, रोज गच्चीवर न जाणाऱ्या सहा इंचीपेक्षा रोज जाणारा तीन इंची बरा. आणि बजेट अगदीच कमी असेल तर १०×५० ची (दहा पट, ५० एमएम भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, कठड्यावर कोपर टेकवून गुरूचे चंद्र तिच्यातूनही दिसतात.

प्रश्न: गेल्या वर्षी जानेवारीत संध्याकाळी पश्चिमेला चमकणाऱ्या चांदणीवर टेलिस्कोप लावला तर चक्क अर्धा चंद्र दिसला! पण चंद्र तर दुसरीकडे होता. (नाशिक)

उत्तर: तो शुक्र. त्यालाही चंद्रासारख्या कला असतात, कारण तो आपल्यापेक्षा सूर्याच्या जवळून फिरतो आणि त्याची उजेडातली बाजू आपल्याला कधी पूर्ण, कधी अर्धी, कधी कोरीएवढीच दिसते. पृष्ठभाग दिसायची अपेक्षा ठेवू नका, वर सगळे ढग आहेत. यंदा ऑगस्टच्या मध्यात तो पुन्हा अर्धा असेल, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस. सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली तर बघाच, तेव्हा कोर बारीक झालेली आणि आकार मात्र बराच मोठा झालेला असेल. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय नळी तिकडे वळवायची नाही.

प्रश्न: मंगळ कधी बघावा? आणि मोबाईलने फोटो काढला की सगळे ग्रह पांढरे ठिपके येतात. (कोल्हापूर)

उत्तर: मंगळ सध्या सूर्याच्या बाजूला आहे, विसरून जा. साधारण सव्वीस महिन्यांनी तो जवळ येतो, पुढची पाळी फेब्रुवारी २०२७ ची. तेव्हाही तो चौदा आर्कसेकंदांच्या आतच राहणार, म्हणजे गुरूच्या एक तृतीयांशही नाही, त्यामुळे नारिंगी गोळी आणि नशीब असेल तर ध्रुवाकडची पांढरी टोपी, एवढ्यावर खूश राहायचं.

फोटोचं म्हणाल तर फोनला वाटतं सगळं अंधारलंय, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो आणि ग्रह जळतो. स्क्रीनवर ग्रहावर बोट दाबून फोकस लॉक करा, मग एक्स्पोजर खाली ओढा, पट्टे दिसेपर्यंत ओढत राहा. फोन हातात धरू नका, आयपीसला लावायचा क्लॅम्प मिळतो तो घ्या. आणि फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ काढा, त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. गुरूचे चंद्र आणि पट्टे एकाच फोटोत येत नाहीत म्हणून डोकं आपटू नका, चंद्रांसाठी एक्स्पोजर वाढवून वेगळा काढायचा, सगळे तसंच करतात.